उरलेले अध्याय

मराठी समीक्षेत ख्रिस्ती लेखकांची चर्चा बहुधा धर्मांतरापाशी सुरू होते आणि धर्मांतरापाशीच संपते. बाबा पदमनजी ख्रिस्ती का झाले, पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा का घेतला, नारायण वामन टिळकांना येशूच्या ठायी काय गवसले, हे प्रश्न आपण शंभराहून अधिक वर्षे विचारत आलो आहोत आणि आपापल्या भूमिकेनुसार त्यांची उत्तरेही देत आलो आहोत. पण बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी असतो. त्यानंतर माणूस वीस, तीस, चाळीस वर्षे जगतो. त्या काळात घरात आजारपणे येतात, माणसे जातात, मागे राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी उठून चूल पेटवावी लागते. स्वीकारलेली श्रद्धा त्या दुसऱ्या दिवशी नेमके काय करते, हा प्रश्न आपल्या अभ्यासात जवळजवळ येतच नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे, असे मला वाटते.

या प्रश्नाला बगल देण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक अभ्यासिकेतली आणि दुसरी व्यासपीठावरची. अभ्यासिकेतला समीक्षक म्हणतो की दुःखाने खचलेल्या माणसाला आधार हवा असतो, तो त्याला धर्मात मिळाला, विषय संपला. व्यासपीठावरून बोलणारा धर्मोपदेशक म्हणतो की देवाची इच्छा होती, गेलेला माणूस प्रभूपाशी सुखात आहे, तेव्हा शोक आवरा, विषय संपला. एकाला श्रद्धा म्हणजे वेदनाशामक औषध वाटते, दुसरा तिचा वापर औषधासारखाच करतो. एकमेकांचे विरोधक समजले जाणारे हे दोघे इथे एकाच बाकावर बसलेले दिसतात. मराठीतल्या ज्या दोन मोठ्या ख्रिस्ती स्त्रियांनी मृत्यू जवळून पाहिला, त्यांचे आयुष्य आणि लेखन मात्र या दोघांच्याही हिशेबात बसत नाही.

प्रथम रमाबाई. त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची यादी वाचतानाही दडपण येते. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या फेऱ्यात वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासाबरोबर पायी देश तुडवीत त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि १८८० साली तो भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. हाती मनोरमा ही लहानगी मुलगी उरली. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. या तारखा एकापुढे एक मांडल्या की सुटसुटीत निष्कर्ष आयताच हाती येतो: सगळी माणसे गमावलेल्या एकाकी विधवेने परक्या देशात परक्या धर्माचा आसरा घेतला.

हा निष्कर्ष रमाबाईंच्याच साक्षीपुढे टिकत नाही. पती गेल्यानंतरच्या वर्षभरात त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. आसऱ्याच्या शोधात निघालेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. बाप्तिस्म्यानंतरही त्या निमूट झाल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक बाबतींत त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःच नोंदवले आहे की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला पुढे सुमारे आठ वर्षे लागली. धर्मांतर केवळ सांत्वनासाठी झाले असते तर ते सांत्वन आठ वर्षे उधार राहिले, असे म्हणावे लागेल. इतकी उधारी कोणतेही दुःख सोसत नाही.

रमाबाईंच्या श्रद्धेचा आणि शोकाचा खरा सामना झाला तो आयुष्याच्या अखेरीस, केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी उभा राहिलेला मुक्तिसदनाचा पसारा १९०० च्या सुमारास जवळपास दोन हजारांवर पोहोचला होता. त्याची वारस म्हणून त्यांनी मनोरमेकडे पाहिले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला मनोरमा वारली. वय अवघे चाळीस. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. हाती एक काम अपुरे होते: मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर. नवा करार १९१३ साली छापून झाला होता, जुन्याचे काम चालू होते. कन्येच्या मृत्यूनंतर रमाबाई नऊ महिन्यांहून कमी जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. तोवरचा काळ त्यांनी या कामाला दिला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तिसदनातल्या स्त्रियांचे होते.

या नऊ महिन्यांकडे मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून पाहतो. जुना करार हा काही केवळ आशीर्वादांचा ग्रंथ नाही. त्यात ईयोब आहे, ज्याची मुले एका दिवसात मरतात आणि जो देवालाच जाब विचारतो. त्यात विलापगीत नावाचे एक संबंध पुस्तक आहे. स्तोत्रसंहितेतल्या कितीतरी स्तोत्रांत ‘कुठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळावी अशी मराठी घडवण्याचा ज्यांचा हट्ट होता, त्या रमाबाईंनी या साऱ्यासाठी आधी मराठी शब्द शोधले होते आणि मग त्या शब्दांची गरज त्यांनाच पडली. श्रद्धेने त्यांचे दुःख हलके केले की नाही, हे ठरवण्याचे साधन आपल्याजवळ नाही. तिने त्यांना त्या दुःखाची भाषा दिली आणि त्या भाषेत करायचे काम दिले, एवढे मात्र छापील पानांवर आहे.

आता लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ आपण वर्गात वाचतो तेव्हा हसतो. टिळकांचा विसराळूपणा, वडिलांचा सोवळ्याचा कडकपणा, लक्ष्मीबाईंची मिश्कील तटस्थता यांवर उत्तरपत्रिका भरतात. विनोद, ओघवती भाषा आणि प्रांजळपणा हे तीन गुण सांगितले की परीक्षेपुरते काम होते. या तीन गुणांआड एक मोठी गोष्ट झाकली गेली आहे. लक्ष्मीबाईंनी आपल्या पतीचा शोक दोनदा केला.

पहिला शोक १८९५ चा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि नाशिककडच्या कर्मठ ब्राह्मण घरातल्या लक्ष्मीबाईंचा नवरा जिवंत असून नाहीसा झाला. त्या कुंकू लावत होत्या, पण संसार मोडला होता. विधवेला समाजाने निदान एक जागा नेमून दिलेली असते. या बाईला तीही नव्हती. मुलाला पदराशी घेऊन त्यांनी ही वर्षे आप्तांकडे काढली, त्यांतली काही पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी आपले सोवळे वेगळे सांभाळत राहिल्या. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, या निर्णयाला त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने पोहोचल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुसरा शोक १९१९ चा. ९ मे रोजी मुंबईत टिळक गेले. त्याआधी दोनच वर्षे त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा घाट घातला होता. म्हणजे मागे संपत्ती नव्हतीच. या वेळी लक्ष्मीबाई ख्रिस्ती होत्या. ज्या श्रद्धेने १८९५ साली त्यांच्यापासून नवरा हिरावून घेतला होता, त्याच श्रद्धेचा हात धरून त्यांना १९१९ मध्ये त्याच नवऱ्याचा मृत्यू सोसायचा होता. इतका विलक्षण प्रसंग मराठी आत्मचरित्रात दुसरा मला आठवत नाही. आधार म्हणून ही श्रद्धा त्यांनी निवडली असती, तर तिच्यावर रागावण्याचे कारण त्यांच्याइतके कुणालाच नव्हते. पहिल्या शोकात त्या तिच्याशी कडाडून भांडल्या होत्या. भांडून झालेले असल्यामुळेच, दुसऱ्या शोकात तिच्यावर भार टाकताना त्यांना धास्ती वाटली नाही, असे मला वाटते.

टिळकांमागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. मुलींच्या वसतिगृहाचे काम केले, कराचीत राहिल्या, मुलगा देवदत्त यांच्या आग्रहावरून आठवणी लिहू लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि शेवटचा भाग १९३६ साली त्यांच्या मृत्यूनंतर आला. हे आपल्याला ठाऊक असते. त्याच वर्षांत त्या आणखी एक काम करत होत्या, ते आपण तळटीपेत ढकलतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभले होते. सुमारे दहा अध्यायांनंतर ते थांबले. उरलेल्यातला बहुतांश भाग, साठाहून अधिक अध्याय, लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि त्यांच्या पश्चात १९३८ साली ग्रंथ प्रकाशित झाला.

‘ख्रिस्तायन’ काव्य म्हणून कितपत उतरले आहे, यावर मतभेद होऊ शकतात. त्यातली ओवी अनेकदा सपाट होते हे मलाही जाणवते. पण वाटणी कशी झाली ते पाहावे. दहाएक अध्यायांत चरित्राचा केवळ आरंभ येतो. वधस्तंभ, थडगे, थडग्यापाशी रडत उभ्या राहिलेल्या स्त्रिया आणि तिसऱ्या दिवसाची पहाट हा सारा भाग विधवेच्या लेखणीला आला. पतीने सोडलेल्या जागेपासून सुरुवात करून ती एका मृत्यूकडे चालत जाते आणि तो ओलांडते. टिळकांनी दिलेला आरंभ आणि लक्ष्मीबाईंनी गाठलेला शेवट यांमध्ये जो सांधा आहे, तो मराठीतला एक अपूर्व शोकलेख म्हणून वाचता येईल. त्यासाठी त्या पानांकडे जावे लागेल. ‘स्मृतिचित्रे’तल्या विनोदी उताऱ्यांवर थांबून भागणार नाही.

इथे मावळाचा संबंध येतो, आणि तो वरवरचा नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत असत. त्या पुलाचा एक खांब आमच्या मावळ तालुक्यात, इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली. मुलगाही गेल्याचे परंपरा सांगते. व्यापार बुडाला, पत गेली. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात हे सारे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे, आणि त्याच अभंगात पुढे काय येते? पडक्या देवळाची डागडुजी करावी, असे मनात आल्याचे ते सांगतात. म्हणजे शोक, मग निःसंकोच उच्चार, मग हाताशी आलेले मोडके काम. विठ्ठलाशी कडाकडा भांडण्याची मुभा या परंपरेत आहे आणि भांडणानंतर त्याचेच देऊळ सावरण्याचीही आहे. टिळकांनी तुकोबांकडून अभंग घेतला, तेव्हा केवळ छंद घेतला नाही. देवाशी बोलण्याचा हा मोकळेपणाही घेतला. मराठी उपासनेत आजही ‘उपासना संगीत’मधली टिळकांची पदे म्हटली जातात. दफनानंतर घरी जमलेली मंडळी ती गातात, तेव्हा त्या चालींत लंडन-बोस्टन कमी आणि इंद्रायणीकाठ अधिक असतो.

इंद्रायणीचा उगमही लोणावळ्याजवळच, कुरवंड्याच्या बाजूला. लोणावळ्याची ख्रिस्ती वस्ती मात्र आली ती नदीबरोबर नव्हे, रुळांबरोबर. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरात लोणावळ्याच्या रेल्वे कारखान्याशेजारी प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशा दोन्ही पंथांच्या प्रार्थनास्थळांची नोंद आहे. बोरघाटाच्या या मार्गाचे काम चालू असता, १८५९ साली, सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. अभियंते नेमून काम पुढे नेले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. त्या घाटात मेलेल्या हजारो मजुरांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत, हे विसरून अ‍ॅलिसचे गोडवे गाऊ नयेत. तिच्या जिद्दीला श्रद्धेचे लेबल लावण्याचेही कारण नाही. पण हाच लोहमार्ग पुढे केडगावावरून जातो, आणि नवऱ्याचे अपुरे काम हाती घेणारी बाई या मार्गावर लक्ष्मीबाईंच्या साठ वर्षे आधी येऊन गेली होती, हे मनात नोंदवून ठेवावेसे वाटते.

लोणावळ्याने या विषयाला आणखी एक सूर दिला. १९३१ साली मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ ही संस्था नंतर लोणावळ्याला आली. ख्रिस्ती प्रार्थनेला श्वासाची, मौनाची आणि पौर्वात्य ध्यानाची जोड देणारे त्यांचे लेखन जगभर वाचले गेले. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांना अचानक मृत्यू आला. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांवर अधिकृत आक्षेपही नोंदवले. मनात जे उठते त्याला नाव न चिकटवता, त्याला न ढकलता पाहा, असा त्यांच्या शिकवणीचा एक धागा आहे. शोकाला लागू केला तर तो धागा व्यासपीठावरच्या ‘आवरा आता’च्या नेमका उलट दिशेने जातो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांची वाट कामाची होती, डिमेलोंची पाहण्याची. दोन्ही वाटांवर शोकाला घराबाहेर काढलेले नाही.

व्यासपीठावरच्या मंडळींना म्हणूनच त्यांच्याच ग्रंथाची आठवण द्यावीशी वाटते. ईयोबाच्या समाचाराला आलेले मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते मित्र होते. त्यांनी दुःखाची कारणमीमांसा सुरू केली आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. लाजर मेला तेव्हा मार्थेने येशूला उशिरा आल्याबद्दल सरळ बोल लावला. येशूने तिला गप्प केले नाही. आपण त्याला उठवणार हे ठाऊक असतानाही तो थडग्यापाशी रडला. वधस्तंभावरची त्याची हाक तर एका विलापस्तोत्राची पहिली ओळ आहे. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा रडणारा देव आहे, त्याच्या नावाने शोकग्रस्ताचे रडणे थांबवणे हा त्या धर्माचाच अपमान होय.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दुःखानंतर कामात गढून जाणे निरीश्वरवाद्यालाही जमते. मग यात ख्रिस्ती ते काय? आक्षेप टाळण्यासारखा नाही. धोंडो केशव कर्व्यांसारख्या माणसांनी परलोकाच्या आशेवाचून डोंगराएवढी कामे उभी केलीच. फरक कामाच्या आकारात शोधू नये. तो कामाच्या व्याकरणात आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या दृष्टीने गेलेले माणूस भूतकाळात जमा झालेले नव्हते. त्याची भेट पुढे व्हायची होती. पुनरुत्थान ही त्यांच्या लेखी अलंकारिक कल्पना नव्हती. ते सत्य आहे की नाही, हे समीक्षकाने ठरवायचे कारण नाही. तो त्याचा प्रांत नाही. पण संहितेत ते सत्य म्हणून वावरते, तेव्हा त्याला ‘भाबडा दिलासा’ म्हणून बाजूला सारून संहिता वाचता येत नाही. वारकऱ्याचा विठ्ठल आपण अभंगातून वजा करत नाही. तोच न्याय लक्ष्मीबाईंच्या ख्रिस्ताला का मिळू नये?

त्याच वेळी ही आशा शोकाला रद्द करत नाही, हेही या दोघींकडून शिकावे. भेट पुढे आहे म्हणून आजची पोकळी खोटी ठरत नाही. उलट, जिचे उत्तर लगेच मिळणार नाही अशी वाट पाहणे तिच्यातून जन्माला येते. वाट पाहणे ही अवस्था मराठी वाचकाला परकी नाही. विराण्यांनी, ओव्यांनी, जात्यावरच्या गाण्यांनी आपल्याला ती शिकवलेली आहे. मराठी ख्रिस्ती शोकवाङ्मय त्याच घराण्यातले आहे. त्याला ‘मिशनरी वाङ्मय’ या कोनाड्यात बसवून आपण आपल्याच घराण्यातली एक शाखा तोडून टाकली.

हे सावरायला फार मोठी सामग्री लागणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना अखेरचा भाग वगळू नये. त्याच्या शेजारी ‘ख्रिस्तायन’मधला एखादा उत्तरार्धातला अध्याय ठेवावा. त्याच्या जोडीला सतराव्या शतकातल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तला वधस्तंभाचा प्रसंग वाचावा, म्हणजे १६१६ पासूनची तीनशे वर्षांची ओवी विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपात दिसेल. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे मूळ कथाही आजच्या मराठीत हाताशी आहे. आणि वाचताना एकच पथ्य पाळावे: या बाईने धर्म का बदलला, हा प्रश्न तासापुरता बाजूला ठेवून, माणूस गेल्यावर ही बाई दुसऱ्या दिवशी काय लिहीत होती, एवढेच विचारावे. वर्गात बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी त्या वर्षी कुणी गेलेले असतेच. त्याला विनोद, ओघ आणि प्रांजळपणा या तीन गुणांपेक्षा त्या उत्तराची गरज अधिक असेल.